१९४४ची विलीज म्हणून पाठवलेली हॉचकिस : तक्रार व परताव्याची मागणी

दिनांक : १४ सप्टेंबर २०२३

प्रति,
व्यवस्थापक, आयात विभाग

विषय : करारात लिहिलेली गाडी न पाठवणे, चुकीच्या वर्णनाने बिल ऑफ एंट्री भरणे आणि त्यातून झालेला खर्च

संदर्भ : दि. १४ फेब्रुवारी २०२३ चा करार व आपला ४२ छायाचित्रांचा तपासणी अहवाल

महोदय,

आपल्यामार्फत फ्रान्सहून मागवलेली जीप २९ ऑगस्टला न्हावा शेवा येथे उतरली. ८ सप्टेंबरला सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) कंटेनर उघडून कस्टम अधिकारी आणि चार्टर्ड इंजिनिअर यांच्यासमोर तिची तपासणी झाली. करार, इन्व्हॉइस आणि बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टमला दिलेले विवरणपत्र) या तिन्ही ठिकाणी ‘विलीज एमबी, १९४४’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप, असे लिहिले आहे. कंटेनरमधून निघाली ती हॉचकिस एम२०१. विलीजच्या परवान्यावर फ्रान्समध्ये पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून १९६६पर्यंत बनलेली ही लष्करी जीप आहे.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर ‘जीप ती जीप, सुटे भाग सगळे सारखेच’ असे उत्तर दिले. सुटे भाग बरेचसे सारखे आहेत, हे खरे. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जोडायला सुरुवात केल्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या मेकॅनिकला यातले काहीच परके नाही. एम२०१ वाईट गाडीही नाही. प्रश्न तिच्या जन्मतारखेचा आहे. २०२३च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून परवान्याशिवाय आणता येत होती ती १ जानेवारी १९५०पूर्वी बनलेली गाडी. त्यानंतरची गाडी वापरलेल्या वाहनांच्या नियमात जात होती आणि तिथे तीन वर्षांहून जुने वाहन चालत नव्हते. म्हणजे १९४४ची एमबी आणता येत होती, १९६०च्या आसपासची एम२०१ येत नव्हती. आयातीचा धंदा करणाऱ्या कंपनीला हे सांगावे लागू नये.

गाडी एमबी नाही हे कशावरून, ते क्रमाने लिहितो, कारण आपण ‘पुरावा द्या’ असे म्हटले आहे.

विलीजचा चॅसी क्रमांक चॅसीच्या डाव्या कडीच्या (लांबीच्या तुळईच्या) आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या मागे, एका छोट्या पट्टीवर असतो. या गाडीत पट्टी आहे, पण ती दोन कोऱ्या पॉप रिव्हेटनी बसवलेली आहे. भोवतालचा लोखंडी भाग जुन्या रंगाच्या थरांनी खरबरीत झालेला, आणि मध्ये रिव्हेटची डोकी आरशासारखी चकचकीत. पट्टीवरचा क्रमांक २ लाख १६ हजारांच्या घरातला आहे. हे आकडे १९४३चे; १९४४च्या एमबीचे क्रमांक साधारण २ लाख ९३ हजारांच्या पुढे सुरू होतात. आणि डॅशबोर्डच्या डब्याच्या झाकणावरील पट्टीत डिलिव्हरीची तारीख मात्र ६-४४ अशी ठोकली आहे. या पट्ट्या कोऱ्या विकत मिळतात, अक्षरांचे ठोकेही मिळतात. ज्याने हे काम केले त्याने निदान तक्ता बघून आकडे ठोकायला हवे होते.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे वरच्या कोपऱ्यात असतो. एमबीच्या इंजिनावर आकड्यांआधी ‘एमबी’ आणि त्याच नमुन्याच्या फोर्डच्या जीपवर ‘जीपीडब्ल्यू’ अशी अक्षरे असतात. इथे एकही अक्षर नाही. त्या जागेवर ग्राइंडर फिरवल्याच्या रेषा नखाला लागतात.

बहुतेक एम२०१ची वायरिंग २४ व्होल्टची, एमबीची ६ व्होल्टची. या गाडीत डायनामो आणि स्टार्टर ६ व्होल्टचे बसवून घेतले आहेत. पण इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, जिथे २४ व्होल्टची फिटिंग्ज होती, तिथली भोके ठिगळ मारून बुजवली आहेत. टॉर्च आडवा धरला की हिरव्या रंगाखाली वेल्डिंगचे पाच गोल उठून दिसतात. चॅसीच्या कड्यांना दिलेली जादा मजबुतीही युद्धकाळच्या एमबीला नसते. कार्बुरेटर कार्टरचा लावला आहे, पण तो कोणीही कधीही बदलू शकतो, म्हणून तो मी पुराव्यात धरत नाही.

पुढची आडवी दांडी नळीची आहे म्हणून गाडी विलीजच, हा आपला मुख्य मुद्दा होता. नळीची दांडी एवढेच सांगते की चॅसी फोर्डची नाही. फोर्डच्या जीपीडब्ल्यूला उलट्या ‘यू’ आकाराची दांडी असते. विलीजची प्रत करणाऱ्या हॉचकिसलाही नळीच आहे. तसेच काही बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ आहे, यावरून गाडी अमेरिकन ठरत नाही. युद्धानंतर फ्रेंच लष्कराने हजारो जीप उघडून पुन्हा जोडल्या, त्यात विलीज आणि फोर्डचे भाग सर्रास मिसळले गेले. भेसळ असणे हा माझा आक्षेप नाहीच. चॅसीच वेगळी आहे, हा आक्षेप आहे.

आता आपल्या अहवालाबद्दल. ४२ छायाचित्रांपैकी ३१ बाहेरून काढलेली आहेत, त्यांतली ९ सूर्यास्ताची. चॅसी क्रमांकाचे एकही नाही, इंजिन क्रमांकाचे नाही, गाडीच्या पोटाचे नाही. ११ मेच्या ईमेलमध्ये मी नेमकी पाच छायाचित्रे मागितली होती : चॅसीची पट्टी, इंजिनाचा क्रमांक, डब्याच्या झाकणावरील तिन्ही पट्ट्या, पुढची दांडी, आणि फरशीखालच्या टोपीच्या आकाराच्या पन्हाळी. ‘एजंटला कळवले आहे’ एवढेच उत्तर आले आणि २० जूनला गाडी कंटेनरमध्ये चढली. तपासणीचे ३८,००० रुपये आपण वेगळे घेतले आहेत.

पन्हाळींचे छायाचित्र मी उगाच मागितले नव्हते. या जीपच्या फरशीखाली पत्र्याच्या पन्हाळीत लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतात. लाकूड ओल धरते आणि पत्रा आतून सडतो, वरून रंग कितीही ताजा असो. आलेल्या गाडीत उजवीकडची पन्हाळ अंगठ्याने दाबली तरी आत जाते, आणि मागच्या दोन्ही हत्यारपेट्यांच्या तळाला चुंबक चिकटत नाही. तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गाडी खरी एमबी असती, तरी ‘उत्तम स्थिती’ हा आपला शेरा खोटाच ठरला असता.

फ्रान्सच्या नोंदणीपत्रावरूनही उत्पादनाचे वर्ष कळले नसते, कारण त्यातली पहिल्या वापराची तारीख ही लष्कराने गाडी विकल्यानंतरच्या नागरी नोंदणीचीही असू शकते. त्यासाठी तिथल्या जुन्या वाहनांच्या महासंघाचे प्रमाणपत्र मागवता येते. आपण ते मागवले नाही.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंत भरायचे होते. आपल्या ब्रोकरने ते ४ सप्टेंबरला भरले. पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढचे चार दिवस रोज १०,००० असे ५५,००० रुपये विलंबशुल्क लागले, आणि ते मला कळवण्यात आले ते पावती म्हणून. त्याहून गंभीर गोष्ट ही की ते बिल माझ्या नावाने आहे. चुकीच्या वर्णनाबद्दल सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली जप्ती आणि ११२ खाली दंड होऊ शकतो, आणि आयातदार म्हणून नोटीस मला येईल. दंड भरून गाडी सोडवून घ्या, हा आपला सल्ला मला मान्य नाही. तशी सोडवली तरी व्हिंटेज नोंदणीसाठी आरटीओकडे फॉर्म २० सोबत हेच बिल ऑफ एंट्री द्यावे लागते, आणि नियमाप्रमाणे चॅसी, बॉडी व इंजिनात बदल झालेला चालत नाही. घासलेला इंजिन क्रमांक आणि पॉप रिव्हेटची पट्टी घेऊन मी तिथे उभा राहणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

गाडीचे वर्णन आणि वर्ष आपण व आपल्या फ्रान्समधील एजंटने पुरवले होते, असे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर १८ सप्टेंबरपर्यंत कस्टमच्या संबंधित ग्रुपला द्यावे आणि त्याची पोचपावती मला पाठवावी. त्याच दिवशी गाडी परत पाठवण्याच्या परवानगीचा अर्ज ब्रोकरमार्फत दाखल करावा. निर्णय होईपर्यंत कलम ४९ खाली गाडी सार्वजनिक वखारीत हलवण्याचीही मागणी करावी, म्हणजे सीएफएसचे भाडे आणि कंटेनरचे डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचे शुल्क) थांबेल. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. उतरल्यापासून ३० दिवसांत माल सुटला नाही तर कलम ४८ खाली तो विक्रीस काढता येतो. ती मुदत २८ सप्टेंबरला संपते.

गाडीची किंमत १८,५०० युरो, आपले शुल्क २,४०,००० रुपये, तपासणीचे ३८,००० रुपये आणि विलंबशुल्काचे ५५,००० रुपये पूर्ण परत करावेत. आजवरचे आणि परत पाठवेपर्यंतचे भाडे, डिटेन्शन आणि परतीचे जहाजभाडे कंपनीने भरावे. ‘दुसरी गाडी शोधून देतो’ हा पर्याय मी स्वीकारत नाही.

३० सप्टेंबरपर्यंत रक्कम जमा झाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने आणि तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी दावा करता येत असल्याने, करारातील ‘वाद फक्त मुंबईत’ हे कलम आपल्या कामी येणार नाही.

सोबत : तपासणीतील १४ छायाचित्रे (वेल्डिंगचे गोल छायाचित्र क्र. ६ मध्ये आडव्या प्रकाशात आहेत), ११ मेचा ईमेल, सर्व पावत्यांच्या प्रती.

आपला,
तक्रारदार ग्राहक
पुणे