कंपोझिटरांचा अनुभव कोणत्या रकान्यात लिहायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअरच्या पानावर नोकरी बदललेल्या माणसांच्या हकिकती येतात. कोणी इंजिनीअरिंग सोडून शेती धरली, कोणी बँकेतल्या नोकरीचा राजीनामा देऊन बेकरी काढली. मी त्या मनापासून वाचते. पण त्यातला प्रत्येक जण स्वतःहून वळलेला असतो. धंदाच संपला म्हणून ज्यांना वळावं लागलं, तेही एकदा नाही, दोनतीनदा, त्यांची हकिकत त्या पानावर मला कधी दिसली नाही. त्यांच्यापैकी एक म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

दहावी झाल्यावर, १९७९ मध्ये, मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिंगला, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवायच्या कामाला, लागले. मामी तिथेच बाइंडिंगला होती, तिच्या ओळखीने. त्या काळी अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या वाड्यांत कुठल्याही बोळात शिरलं की ट्रेडल या छपाईच्या मशीनचा आवाज यायचा. पाठ्यपुस्तकं, गाइडं, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. कंपोझिंगला बाया बऱ्याच असायच्या. समोर तिरकी केस, म्हणजे खणांची उथळ पेटी, तिच्यात लहानलहान घरं, प्रत्येक घरात एका अक्षराचे खिळे, म्हणजे धातूचे ठसे. इंग्रजीचा कंपोझिटर मोजक्या घरांत हात फिरवतो. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरं. घरं इतकी, की पहिले काही महिने नुसत्या जागा पाठ करण्यात गेले. पुढे हात आपोआप जायला लागला.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची धातूची पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावायचा. अक्षर उलटं दिसतं आणि ते उलटंच वाचायचं. ओळ भरली की शब्दांमधल्या जागा कमीजास्त करून ती स्टिकमध्ये घट्ट बसवायची, सैल राहिली तर गॅलीवर, म्हणजे जुळलेल्या ओळी ठेवायच्या तबकावर, घेताना सांडते. प्रूफ काढायचं, चुका आल्या की चिमट्याने खिळा उपसून दुसरा घालायचा. छपाई झाली की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या घरांत टाकायचे. हे शेवटचं काम नव्या मुलींना कंटाळवाणं वाटायचं, पण खरं शिक्षण त्यातच होतं. एक खिळा चुकीच्या घरात पडला तर पुढच्या पुस्तकात ती चूक उगवायची. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथलाचे. हात काळे व्हायचे आणि फोरमन डबा खाण्याआधी हात साबणाने धुतल्याशिवाय बसू द्यायचे नाहीत. शिसं पोटात जाऊ नये म्हणून.

या कामात मी जे शिकले ते मला आजपर्यंत कुठल्याही अर्जात लिहिता आलेलं नाही. लेखकाचं कसलंही हस्ताक्षर लावायचं. शब्द कुठे तोडला तर वाचणारा अडखळतो, ते ओळखायचं. मजकुरात आधीच्या पानावर एक नाव आणि पुढच्या पानावर दुसरं असेल तर थांबून विचारायचं. शुद्धलेखनाचे नियम मी पुस्तकातून पाठ केले नाहीत. वेलांटी पहिली की दुसरी हे बोटांना ठाऊक झालं, कारण दोन्हींच्या खिळ्यांची घरं वेगळी होती.

आमच्या धंद्यातल्या थोर माणसाची हकिकत सगळ्यांना सांगावीशी वाटते. जावजी दादाजी चौधरी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभर नावाजली गेली. खिळे घासणाऱ्या मुलाच्या हातांना जे कळत होतं ते त्या कारखान्यात उतरलं, वाया काहीच गेलं नाही. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला अपार आदर आहे. पण तो काळ छपाई वाढण्याचा होता हेही खरं. शिकलेलं पुढे नेता येईल अशी जागा समोर तयार होत होती. आमच्या वेळी शिकलेलं तेवढंच होतं, आणि जागा मिटत चालली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऑफसेट आणि संगणक आले तशी वाड्यांतली मशीनं एकेक करून थांबली. आमच्या मालकांनी खिळे वजनावर विकले. ट्रेडल भंगारात गेलं. मालक वाईट नव्हते, त्यांनाही दुसरा मार्ग नव्हता. पण त्या छापखान्यातली माणसं कुठे गेली ते मी पाहिलं आहे. कोणी रबरी शिक्क्यांचं दुकान टाकलं. कोणी लग्नपत्रिकांचे नमुने घेऊन दारोदार फिरू लागलं. माझे यजमान मशीनमन होते. शाई किती, दाब किती, कागद ओलसर आहे की कोरडा हे ते हात लावून सांगायचे. ते कोथरूडच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेच राहिले. आमचे फोरमन, ज्यांच्याकडे मोठमोठे लेखक आपली प्रुफं विश्वासाने सोडून जायचे, ते एका इमारतीत लिफ्टमन झाले. त्यांच्याइतकं मराठी जाणणारी माणसं त्या वेळीही थोडी होती. ते दिवसभर मजल्यांची बटणं दाबत होते. मला त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

मी १९९१ मध्ये डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं तयार करण्याचा, क्लास लावला. पेजमेकर हे सॉफ्टवेअर, मराठी फाँट, कळफलक. क्लासमधली बाकीची मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांची बोटं भराभर चालायची, पण छापल्यावर पान कसं दिसेल हे मला आधी कळायचं. समास किती सोडायचा, परिच्छेदाची शेवटची एकच ओळ पुढच्या पानावर जाऊ द्यायची नाही, मथळा आणि मजकूर यांत किती जागा, हे सगळं मी शिशात करत आले होते. नोकरी लागली ती मात्र नवशिकी म्हणून, नवशिक्याच्याच पगारावर. छापखान्यातली बारा वर्षं तिथे कोणी धरली नाहीत. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तो वेगळा धंदा होता ताई.'

पुढचं वळण युनिकोडचं, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं एकसारखी साठवण्याच्या पद्धतीचं. डीटीपीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या फाँटची आतली रचना वेगळी असायची. एका केंद्रात केलेली फाइल दुसरीकडे उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गोंधळ दिसायचा. युनिकोडमुळे तो त्रास गेला. पण हजारो पुस्तकांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये अडकलेला आहे आणि तो आता युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे काम सॉफ्टवेअर करतं, पण पूर्ण बरोबर करत नाही. 'कार्य'चं 'कायर्' होतं, 'पहिला'चं 'पिहला'. याचं कारण कोणाही कंपोझिटरला चटकन कळेल. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाकायची: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा आहे, वेलांटी अक्षरामागून आणि रफाराचा र आधी. बदलताना क्रम चुकला की शब्द मोडतो. आम्ही शिशाच्या काळापासून दिसण्याच्या क्रमात काम केलेलं, त्यामुळे कुठला भाग कुठून सरकला आहे ते पाहता क्षणी दिसतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला र कोणता, हे यंत्राने चुकवलं तर माणसानेच पकडायचं असतं. शासनाने २००९ मध्ये देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण म्हणून ठरवला. ती अक्षरं आमच्या खिळ्यांच्या पेट्यांत आधीपासून होती.

सध्या मी घरी बसून हेच काम करते. प्रकाशक फाइल पाठवतात, मी तपासून देते, पानामागे पैसे मिळतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, पण काम आवडतं आणि जमतं.

आता पत्राच्या मुख्य मुद्द्यावर येते. अशा वळणांमध्ये माणसाच्या दोन गोष्टी गळतात. एक नोकरीची वर्षं आणि दुसरी अंगातली कला.

वर्षांचं असं. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, तो साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू व्हायचा. पेठेतल्या छापखान्यांत आठदहा माणसं. म्हणजे त्या वर्षांचा फंड नाही. पुढे ज्यांना मोठ्या ठिकाणी काम मिळालं ते १९९५ च्या पेन्शन योजनेत आले. त्यात पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. आमच्यातल्या कित्येकांनी नोकरी सुटली की फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेतले, कारण मधले महिने घर चालवायचं होतं. तोच फॉर्म भरून पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं आणि ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. एकीकडे सहा वर्षं, दुसरीकडे सात, मिळून तेरा होतात, आणि हातात पेन्शन शून्य. २०१४ पासून या योजनेत किमान पेन्शन महिन्याला १००० रुपये आहे. रक्कम फार मोठी नाही हे मलाही कळतं. पण औषधांसाठी मुलापुढे हात पसरावा लागणाऱ्या माणसाला ती मोठी वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. हे चांगलं झालं. आधी पाच वर्षं सलग लागायची आणि आमच्या धंद्यात पाच वर्षं सलग टिकणं सोपं नव्हतं.

कलेचं दुखणं मला याहून मोठं वाटतं. मध्यंतरी एका संस्थेची जाहिरात पाहिली, जुने मराठी ग्रंथ संगणकावर आणण्याच्या कामासाठी मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफं तपासणारे, हवेत अशी. अटी दोन: पदवी हवी आणि वय ३८ च्या आत. माझ्याकडे पदवी नाही आणि माझं वय साठीपुढे आहे. मी फोन केला. समोरची मुलगी फार सौजन्याने बोलली, पण अर्जात 'अनुभव' या रकान्याआधीच पात्रता तपासली जाते म्हणाली. राज्याच्या सरळसेवा भरतीतही खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. कायम नोकरीसाठी अशी मर्यादा मी समजू शकते. पण पानावर पैसे देऊन करून घ्यायच्या कामाला वयाची अट कशासाठी?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर जुन्या ग्रंथांच्या जतनाची चर्चा वाढली आहे आणि ते काम होणारही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईचं पान स्कॅन करून यंत्राला वाचायला दिलं तर ते किती अडखळतं, हे मी रोज पाहते. घासलेला खिळा, शाई भरून बुजलेला उकार, तुटलेली मात्रा यांतून मूळ अक्षर ओळखायला ज्याने खिळे हाताळले तो माणूस सगळ्यात कामाचा. असे लोक पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत, नागपुरात अजून आहेत. बहुतेक सत्तरीच्या आसपास. दरवर्षी त्यांतले काही जातात.

म्हणून राज्य मराठी विकास संस्था, विश्वकोश मंडळ आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. या कामासाठी माणसं निवडताना पदवी विचारू नका, परीक्षा घ्या. चुकांनी भरलेलं एक पान द्या, तासभर वेळ द्या आणि कोण किती चुका पकडतो ते पाहा. पंचविशीतला मुलगा जास्त पकडत असेल तर काम त्यालाच द्या, मला आनंदच होईल. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मुद्रितशोधन आणि मराठी अक्षरजुळणी या कामांना ती सोय मराठीतून, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावी.

आणि संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या करिअरच्या पानावर स्कीम सर्टिफिकेटबद्दल एकदा ठळकपणे छापा. नोकरी सुटलेल्या माणसाने पेन्शनचे पैसे काढण्याआधी काय विचारायचं, कुठला फॉर्म भरायचा, जुन्या नोकरीची वर्षं नव्या खात्याला कशी जोडायची, सगळं सोप्या मराठीत. आज डिलिव्हरीच्या, कॉल सेंटरच्या, कंत्राटी नोकऱ्या करणारी मुलं वर्षा-दोन वर्षांनी काम बदलतात. त्यातल्या ज्यांचा फंड कापला जातो, त्यांना तरी हे वेळेत कळायला हवं. मजकूर तयार झाला की प्रूफ माझ्याकडे पाठवा. ते तपासून देण्याचे पैसे मी घेणार नाही.

आपली नम्र,
एक जुनी कंपोझिटर,
नारायण पेठ, पुणे