चौकशीची वही

पुणे, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू पुढच्या आठवड्यात लंडनला निघालाय. त्याच्याकडे तुझं पुडकं दिलंय. मेतकूट आणि भाजणी तू मागितलीच होतीस. त्याखाली एक कोरी वही आणि पेन्सिली आहेत, त्या न मागता पाठवतेय. म्हणून हे पत्र सोबत.

ब्रिटिश म्युझियमचे फोटो मिळाले. चहा घेता घेता बाबांनी आणि मी सगळे पाहिले, म्हणजे बोटानं सरकवले. निम्म्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "ही स्वतः आत गेली होती, का नुसता मोबाइलच पाठवला होता?" त्यांचं मनावर घेऊ नकोस. पण त्यात एक सिंहीण होती. पाठीत बाण, मागचे पाय निकामी होऊन फरफटतायत, तरी पुढच्या पायांवर अंग उचलून गुरगुरतेय. तिच्यापाशी मी थांबले. फोनवर तुला विचारलं, हे कोरीव काम किती खोल आहे गं? तू म्हणालीस, "अगं, फोटोत दिसत नाही का?" नाही दिसत.

प्राचीन असिरियाच्या (आजच्या इराकमधल्या) असुरबानिपाल राजाच्या शिकारीचा तो पट निनवेच्या राजवाड्यातला, इसवी सनापूर्वी ६४५च्या सुमाराचा, मऊ जिप्समच्या दगडातला, हे घरबसल्या वाचून कळतं. उठाव इतका कमी असून तिचे मागचे पाय एवढे जड कसे वाटतात, हे वाचून कळत नाही. तिची पाठ काढायला घे म्हणजे कळेल. मानेपासून निघालेली रेघ कमरेपाशी कशी बदलते? पुढच्या पायाच्या स्नायूंना जेवढ्या रेघा दिल्यात तेवढ्या मागच्या पायाला आहेत का? काढताना हात अडेल, आणि जिथे अडेल तिथेच त्या कारागिरानं काहीतरी करून ठेवलेलं असेल. मग अगदी कडेला जाऊन, भिंतीच्या अंगानं तिरकं बघ आणि खोली अंदाजानं वहीत लिही.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. चित्रकार मी कधीच नव्हते. धरणांचे दरवाजे, कालव्यांचे छेद, दुसऱ्यांनी आखलेले. पण दुसऱ्याची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवतानासुद्धा लक्षात यायचं, की इथे साहेबांनी खरंच विचार केलाय आणि इथे जुन्या कामाचा नकाशा जसाच्या तसा उचललाय. रेघ ओढायची तर ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आधी ठरवावं लागतं. मोबाइलला ते ठरवायची गरज पडत नाही. चित्रं काढ असं मी म्हणतेय त्याचा अर्थ एवढाच. समोरच्या वस्तूची चौकशी कर. चित्र आलं तर वरकड कमाई.

केळकर संग्रहालय तुला आठवत असेल. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. राजवाड्यातल्या दौलतीपेक्षा दिवे, वज्र्या, अडकित्ते अशा हातातल्या वस्तूंचा तिथे जास्त मान आहे, म्हणून मला ते आवडतं. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिथे वही घेऊन जायचे. एकदा पितळी अडकित्ता काढत होते. मोराची नक्षी, तुरा, पिसारा, सगळं कागदावर आलं, पण तो उघडणार कसा ते काही केल्या येईना. कारण खिळा दिसतच नव्हता. खूप वेळ इकडून तिकडून वाकून बघितल्यावर कळलं, की टोकाला जे छोटं फूल होतं तेच खिळ्याचं डोकं. मग बाकीचं आपोआप उलगडलं. पातं फक्त वरच्या दांडीला, खालची दांडी बोथट, सुपारी खिळ्याच्या जवळ ठेवायची आणि जोर लांबच्या टोकाला द्यायचा. ज्यानं तो घडवला त्याला तरफेचं गणित हातानं ठाऊक होतं आणि वर ते झाकायची हौसही होती. आज त्या पानावरचा मोर कोंबडीसारखा दिसतो. खिळा मात्र अचूक जागी आहे.

तूसुद्धा हे केलेलं आहेस. भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी, घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला, तुकडे झाले, आणि पुढे ते सांधून तो उभा केला. तू प्राथमिक शाळेत होतीस. तू आधी त्याच्या अंगावरच्या फटी काढल्यास आणि मग त्यांच्याभोवती हत्ती बसवलास. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले. माझ्या मते तिथे जमलेल्यांत हत्ती नीट तूच बघितला होतास.

मग इलेमेंटरी आणि इंटरमिजिएट आल्या आणि सगळा घोळ झाला. वस्तुचित्रात मडक्याला छाया कुठल्या बाजूनं द्यायची, स्मरणचित्रात जत्रा काढायची तर फुगेवाला हवाच, असलं शिकवून शिकवून चित्र म्हणजे मार्कांची गोष्ट हे तुझ्या डोक्यात बसलं. या वहीला कोणी ग्रेड देणार नाही. मलाही दाखवलं नाहीस तरी चालेल. (दाखव.) स्मरणचित्राचा मात्र खरा उपयोग सांगते. परतताना ट्यूब रेल्वेत बसलीस की दिवसभरातली एकच वस्तू आठवून काढ. जिथे पेन्सिल थांबेल, म्हणजे पंजा कसा होता, कडी उजवीकडे होती का डावीकडे, तिथे कागद कोरा सोड, अंदाजानं भरू नकोस. पुढच्या रविवारी तेवढंच बघायला जा. ब्रिटिश म्युझियमच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, मग पुन्हा जायला कसली कंजुषी?

मोबाइलवर माझा राग आहे असं समजू नकोस. लिंडा हेन्केल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला होता. संग्रहालयात ज्यांनी वस्तूंचे अख्खे फोटो काढले, त्यांना नुसतं पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादाच भाग जवळ घेऊन टिपला, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे काही निवडलं की टिकतं. तेव्हा फोटो काढायचाच तर खिळ्याचा काढ.

आता व्यवहाराचं. वही ए-५ आकाराची आणि जाड पुठ्ठ्याची आहे, उभ्यानं डाव्या हातावर तोलून धरता येते. संग्रहालयात पेन्सिलच न्यायची. शाई, जलरंग, कोळसा बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि ते बरोबर आहे; एक थेंब उडाला तर तो शतकांसाठी उडतो. एचबी आणि टूबी पुरे, त्याहून मऊ घेतलीस तर समोरासमोरची पानं एकमेकांना माखतात. टोकयंत्र डबीचं आहे, भुगा त्यातच राहू दे. काचेवर वही टेकवू नकोस, दालनात शिरताना पहारेकऱ्याला विचारून घे, आणि तात्पुरती प्रदर्शनं असतात तिथे रेखाटनाला कधी कधी मनाई असते तेही बघ. खोडरबर मुद्दाम पाठवलेलं नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर ओढ, दोन्ही असल्या की कुठे फसलो ते दिसतं. प्रत्येक पानावर तारीख, दालन, वस्तू कशाची आणि साधारण केवढी ते लिही. पुतळा केवढा हे विसरायला होतं. शेजारी उभा माणूस काढलास, दोन रेघांचा का होईना, तर माप कायमचं राहतं. आमच्या नकाशांत त्यासाठी स्केल असायचं, तुझ्याकडे पर्यटक आहेत.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अजून गेली नाहीस म्हणालीस. जा. आपल्या अजिंठ्याचा थोडा भाग तिथे आहे. मेजर रॉबर्ट गिलनं १८४०च्या दशकात लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करायला घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. मग १८७२ ते १८८५ जे.जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्यातल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोनदा! उरलेल्या त्या संग्रहालयाकडे आहेत, दालनात मांडलेल्या असतील का ते विचार. नावं साहेबांची राहिली, पण लेण्यांच्या अंधारात बसून बोटांचे आकार उतरवत होती ती विशीतली पोरं, तुझ्याच वयाची.

आणि पुढे १९०९ साली बंगालचे चित्रकार नंदलाल बोसही अजिंठ्याला नकला करायला आले होते. ते प्रवासात छोट्या कार्डांवर रेखाटनं करून शिष्यांना टपालानं पाठवायचे. तू डिसेंबरात रोमला जाणार आहेस ना? तशी दोन-चार कार्डं इकडे येऊ देत. गाडीत झोपलेली माणसं काढ, ती हलत नाहीत. जेवणाच्या ताटाखाली किंमत लिही, आईला तेवढं समजायला हवं.

रोमला जाण्याआधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली प्लास्टरच्या ओतीव नकलांची दालनं बघून घे. ज्यांना इटलीला जाणं परवडत नाही अशांना बसून काढता यावं, शिकता यावं, म्हणून १८७३ साली ती उघडली. रोमन सम्राट ट्रेजनचा, अंगाभोवती सैनिकांच्या शिल्पांचे वेढे असलेला स्तंभ तिथे प्लास्टरमध्ये आहे, उंची मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभा केलेला. लंडनला त्याच्या एखाद्या वेढ्यातले सैनिक काढ आणि रोमला खऱ्या स्तंभाखाली उभी राहून तेच सैनिक शोध. मला वाटतं तिथे ते इतके उंचावर असतील, की प्लास्टरचाच जास्त उपयोग झाला म्हणशील.

तिथेच मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा, त्या नग्न तरुणाचा, प्लास्टरमधला पुतळाही आहे. १८५७ साली तो व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून आला. राजघराण्यातल्या स्त्रिया बघायला येणार असल्या की लाजेकाजेस्तव त्याला प्लास्टरचं अंजिराचं पान अडकवायचे. ते पान आता पुतळ्याच्या चौथऱ्यामागे वेगळ्या पेटीत ठेवलंय. पान दोन आकड्यांवर टांगायचे असं वाचलंय. आकडे नेमके कुठे ठोकले होते आणि त्यांच्या खुणा अजून दिसतात का, ते मला रेखाटून कळव. बाजूनं काढ, समोरून कळणार नाही. बाबांना सांगायची गरज नाही.

भाजणी कोरड्या डब्यात काढून ठेव.

तुझी,
आई