पाइप वाढवून दिले नाहीत, त्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर चार ओळीसुद्धा वाचत नाही, ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या लेथवर मी जे काम घेऊन आलो होतो, ते तुम्ही केलंच नाहीत. हे आभार त्याचेच.

बुलेट थोरल्या काकांची, 1972 ची. काका गेल्यावर माझ्याकडे आली आणि मला चॉपरचं, म्हणजे पुढे लांबलचक फोर्क असलेल्या गाडीचं, खूळ लागलं. पुण्यातल्या एका गॅरेजात सीट खाली घेतलं, हँडल उंच केलं, पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, चार इंच लांब करून घेतले. फोटोत गाडी झकास दिसायची. पण पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणावर वेग कमी केला की हँडल आपणहून आत कोसळायचं, आणि साठच्या पुढे थरथर सुरू. माझा निष्कर्ष असा, की अजून दोन इंच वाढवले म्हणजे तोल जमेल. हसू नका.

"हत्ती पाळायलास काय? सोंड लावून आणलीस!" हे तुमचं पहिलं वाक्य. मग तुम्ही फरशीवर खडूने गाडी काढलीत. पुढचा पाइप एक इंच लांब झाला, की गाडीचं नाक वर जातं आणि फोर्क साधारण एका अंशाने मागे कलतो. चार इंचांना जवळजवळ चार अंश. हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला जिथे टेकते आणि चाक जिथे टेकतं, त्या दोन खुणांमधलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटरने वाढलं होतं. सरळ रस्त्यावर ते चालून जातं. हळू वळताना मात्र चाक स्वतःच्या वजनाने पडतं. इंजिनिअरिंगला या अंतराचा 'ट्रेल' हा शब्द मी पाठ केला होता. कळला तो तुमच्या फरशीवर.

पण खरी गोष्ट पुढेच होती. रबरी भाते वर सरकवल्यावर दोन्ही पाइपांना खालच्या टीच्या, म्हणजे दोन्ही पाइप एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या, जरा खाली जोड दिसला. वेल्डिंग करून, घासून, वरून रंग. तुम्ही बोललात काहीच नाही. पाइप रॉकेलने भिजवलात, कोरडा पुसलात आणि वर खडूची भुकटी चोळलीत. पाच मिनिटांत डाव्या पाइपावर जोडाच्या कडेने केसाएवढी ओली रेघ उमटली. चीर. त्यात शिरलेलं रॉकेल खडूने ओढून घेतलं होतं. फाउंड्रीत ओतकामाला तडा आहे का, हे असंच बघायचो, असं तुम्ही म्हणालात. ब्रेक दाबला की पाइपाला सगळ्यात जास्त वाक टीच्या खालीच पडतो आणि वेल्डिंगच्या आचेने तिथलंच पोलाद बिघडलेलं. त्या पाइपांवर मी बायकोला मागे बसवून आंबा घाट उतरलो होतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही. नातवाला म्हणावं, हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नको.

"ह्यात वाढवायचं काय न्हाई, काढायचं हाय," म्हणालात. मी मूळ मापाचे नवे पाइप आणले, तर त्यातलाही एक व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवून फिरवला आणि वाक मोजायची डायल लावली, तसा वाकडा निघाला आणि तुम्ही मला परत दुकानात पिटाळलंत. नवीन वस्तू सरळच असते, हा माझा समज तेव्हा मोडला. पाइप वर कॅस्केटमध्ये, म्हणजे हेडलाइटच्या खोळीत, आट्यांनी आणि खाली टीच्या पकडीत बसवल्यावर दोन्हींवर काचेची पट्टी आडवी ठेवलीत. ती एका कोपऱ्यावर डुगडुगली. म्हणजे टीच पिळलेली. ती सरळ करण्यात गेलेली दुपार मी कंटाळून चहाच्या टपरीवर घालवली, याची आता लाज वाटते. बुश गनमेटलचे कातून दिलेत. स्प्रिंगवर अंगठीसारखे दोन स्पेसर टाकलेत आणि फोर्क किती दबतो ते दिसावं म्हणून पाइपाला रबर बँड लावून मला सीटवर बसवलंत: नुसत्या वजनाने फोर्क एकूण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा दबला पाहिजे, त्याहून जास्त नाही.

फ्रेमची मान कापून कल बदलायचा माझा दुसरा बेतही तुम्ही उडवून लावलात. पुढे वाचलं, की 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. तुम्हाला नियम ठाऊक नव्हता. "काकाच्या गाडीचा गळा कापतोस व्हय," एवढंच तुमचं कारण होतं.

पैसे तुम्ही पूर्ण घेतलेत, एक रुपया सोडला नाहीत. तेही बरं केलंत, नाहीतर हे पत्र लिहिताना संकोच झाला असता.

चिरलेला पाइप तुमच्याकडेच खिळ्याला टांगलाय, तिथेच राहू द्या. परवा एक पोरगा लांब फोर्कची येझदी घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आला होता, त्याला तुमचा पत्ता दिलाय. आणि डाव्या सीलमधून पुन्हा किंचित ऑइल पाझरतंय. दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो, या वेळी दुपारभर थांबेन.

तुमचा,
हत्ती पाळणारा