आर्क्टिकला जाण्याआधी मनाचीही तयारी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आर्क्टिक ट्रेकवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पण तो वाचून आमच्या ग्रुपमधल्या दोन मुली लगेच पैसे भरायला निघाल्या, म्हणून हे पत्र.

माझं वय ४६, नोकरी बँकेत. वीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे, अलंग-मदन-कुलंग दोनदा झालं आहे. तरी गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांवर, आठ दिवस स्कीवर सामानाची स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढताना त्यातलं फार थोडं कामी आलं.

हरिश्चंद्रगड चढताना शर्ट घामाने भिजला तर आपण वाऱ्यावर उभं राहून वाळवतो. तिथे घामच घात करतो. पहिल्याच चढावर मला उकडायला लागलं, पण माझ्यासाठी सगळ्यांना कशाला थांबवायचं, या संकोचाने मी जॅकेट काढलं नाही. थांबल्यावर अंगातले कपडे गार पडले आणि ओले हातमोजे लाकडासारखे कडक झाले. उणे २० तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे ३३ इतकं लागतं. तंबू लावून होईपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. दुखत नव्हती, भीती त्याचीच वाटली. काखेत दाबून धरल्यावर ऊब परतताना ज्या कळा आल्या, त्या विसरणार नाही. अजूनही एसीत नोटा मोजताना ती बोटं बधिर होतात. आणि एवढं दमूनही अंग टाकता येत नाही. बर्फ वितळवून पाणी करण्यातच दोन तास जातात.

शरीराचं तरी कळतं. चौथ्या दिवशी व्हाइटआउट झालं. आभाळ आणि जमीन एकच पांढरं, सावली नाही, पायाखाली चढ आहे की उतार तेही समजेना. पुढच्याची लाल स्लेज तेवढी दिसत होती. सात तास मी मनातल्या मनात नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी करत सीएसएमटीला जाऊन परत येत होते. आमच्यातला सर्वांत दणकट गडी, मॅरेथॉन धावणारा, त्या दिवसापासून बोलेनासा झाला. ताट तसंच ठेवायचा. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही, त्यात अस्वलांसाठी आळीपाळीने पहारा. झोपेचे तुकडे होतात. एका रात्री दोन वाजता पहारा संपवून तो तंबूत आला आणि रडू लागला. काय करावं हे आम्हाला कुणालाच सुचेना. त्याला मागे फिरायचं होतं, पण ते बोलून दाखवायची लाज वाटत होती. उत्तर ध्रुवाकडे निघालेले नॉर्वेचे धाडसी प्रवासी नान्सेन आणि योहान्सन १८९५ मध्ये ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोचून मागे फिरले होते, हे त्याला निघण्याआधी कुणी सांगायला हवं होतं.

निघण्यापूर्वी मुंबईत आमच्या तीन बैठका झाल्या. कपडे, कॅमेरा, विमा सगळं झालं. गोराईच्या वाळूत टायर ओढूनही झाले. मनाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: पैसे घेण्याआधी एका बैठकीला तिथे खचलेल्या, रडलेल्या माणसांना बोलवा आणि इच्छुकांना त्यांना हवं ते विचारू द्या. आपणही पुरवणीत त्यांना जागा द्यावी. मी बोलायला तयार आहे, आणि तो मित्रही.

आपली,
एक ट्रेकर वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई