ड्राफ्टच्या बातमीत उंचीशिवाय अजून काही छापा ना

मा. संपादक,

दरवर्षी जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट झाला, म्हणजे टीमनी एकामागून एक नवे खेळाडू निवडले की क्रीडा पानावर कोपऱ्यात चार ओळी येतात, पहिला कोण गेला, कुठल्या टीमनं घेतला, उंची किती, करार किती डॉलरचा. बास्केटबॉलला जागा मिळते याचा आनंदच आहे. पण त्या चार ओळी माझी 14 वर्षांची मुलगी वाचते, ती पॉइंट गार्ड, म्हणजे पास देऊन टीमचा खेळ चालवणारी, म्हणून खेळते, आणि वाचून झाल्यावर दरवेळी एकच विचारते, आई माझी उंची अजून वाढेल ना? मागच्या वर्षी एका निवड चाचणीत तिला बॉल हातात न देताच भिंतीशी उभं करून मोजलं आणि घरी पाठवलं, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं.

तिला मी जेलन ब्रन्सनचं सांगते. हा 6 फूट 2 इंचाचा मुलगा व्हिलानोव्हा कॉलेजकडून 3 वर्षं खेळला, त्यात 2016 आणि 2018 असे दोनदा ते राष्ट्रीय विजेते झाले आणि 2018 मध्ये देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. आणि त्याच जूनच्या ड्राफ्टमध्ये तो कितवा गेला, तर 33 वा! म्हणजे त्याच्याच कॉलेज टीममधले ब्रिजेस 10 वा, डिव्हिन्चेन्झो 17 वा, स्पेलमन 30 वा असे तिघं आधी गेले आणि मग हा. कारण काय तर एनबीएच्या मानाने बुटका, उडी फार नाही, आणि 21 वर्षांचा म्हणजे आता अजून काय सुधारणार. आज न्यूयॉर्कची अख्खी टीम त्याच्याभोवती उभी आहे.

टीमसाठी खेळाडू हेरणारे स्काऊट लोक वेडे नाहीत हेही मान्य करते. कॉलेजच्या एका सीझनमध्ये तीसपस्तीस मॅच होतात, त्यातून माणूस ओळखायचा, मॅच 40 मिनिटांची आणि एनबीएत 48, तीन गुणांच्या शॉटची रेषाही कॉलेजात जवळ असते, शिवाय समोरची टीम कधी तगडी कधी अगदीच कच्ची. आणि उंची काही शिकवून येत नाही, 19 वर्षांच्या मुलाला वाढायला वाव असतो हेही खरंच. पण शिकागोच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांमध्ये, उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उडी, पळण्याचा वेग हे सगळं इंचात आणि सेकंदात मोजता येतं म्हणून त्याचं वजन वाढतं, आणि पास कुठल्या क्षणी द्यायचा हे कळणं मोजता येत नाही म्हणून ते मागे पडतं, असं मला वाटतं. पुढे एनबीएचा मोठा स्टार झालेल्या केव्हिन ड्युरंटला 2007 ला ड्राफ्टआधी 84 किलोचा बार एकदाही छातीवरून वर ढकलता आला नव्हता, केवढी चर्चा झाली होती! तो दुसरा गेला, पहिला ग्रेग ओडन, 7 फुटी, ज्याच्या गुडघ्यांनी बिचाऱ्याला एकूण 105 मॅचच खेळू दिल्या.

मी स्वतः आधी फ्री थ्रोचा, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा आकडा बघते. समोर कोणी अडवायला नाही, रेषा सगळीकडे तीच, त्यामुळे मुलाचा हात खरा किती साफ आहे ते तिथे दिसतं, तीनचे शॉट एका सीझनमध्ये इतके थोडे असतात की दोनचार आठवडे चांगले गेले तरी टक्केवारी फुगते. अर्थात शॉट सुधारतो पण, क्वाय लेनर्डचा कॉलेजात तीनचा शॉट 30 टक्क्यांच्या आत होता, 2011 ला 15 वा गेला, सॅन अँटोनिओनं त्याचा शॉट नव्यानं बसवला आणि 2014 ला तो फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे कुठल्या टीमकडे गेला, तिथे शिकवणारं कोण आहे, हेही बघायलाच हवं.

तर विनंती एवढीच की पुढच्या जूनमध्ये उंचीच्या शेजारी त्या मुलाचं वय, फ्री थ्रोची टक्केवारी आणि दर मॅचला पास किती नि बॉल किती वेळा गमावला हे चार आकडे द्या, आणि पहिल्या नावासोबत तिसाव्या नंतरचंही एखादं नाव. जागा फार लागणार नाही आणि आमच्या घरी ती बातमी कापून भिंतीवर लागेल.

आपली,
एक वाचक, सोलापूर