बाबा, ऑर्गन मिळाला

पुणे, 9 ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, ऑर्गन मिळाला. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "कशाला उगाच खर्च?" म्हणून फोन आईकडे दिला असतात, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते आहे. आई, तू हे त्यांना सावकाश वाचून दाखव. घाई करू नकोस.

गणपतीत घरी आले होते तेव्हा ओटीवरच्या आपल्या ऑर्गनपाशी बसले. कौल फुटून पाणी आत गेलं, त्या पावसाळ्यापासून तो बंदच आहे. दुरुस्तीवाल्यांनी भाता बदलता येईल म्हटलं होतं, पण सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, बसवलेल्या फळीलाच आरपार भेग गेली आहे आणि तिथून हवा गळते. तरी मी पाय मारून पाहिले. उजव्या पायट्यावरचं कापड तुमच्या टाचेखाली झिजून सुतळ्या निघाल्या आहेत, डावं मात्र अजून शाबूत आहे. चाळीस वर्षं उत्सवाच्या नाटकाला तुम्ही याच टाचेनं लय धरलीत. तुम्ही माझ्यामागे उभे होतात. "आता पुरे, गुडघेही ऐकत नाहीत," म्हणालात आणि आत गेलात. तेव्हाच मी शोधायचं ठरवलं.

आधी मुंबईत पाहिले. जुन्या फर्निचरच्या दोन दुकानांत ऑर्गन होते, कोरीव पाठीचे आणि आरशाचे. एकाला सव्वा लाख सांगितले. खालची फळी काढून दाखवा म्हटलं तर भात्याचं कापड हाताला लागताच भुकटीसारखं गळलं. ते पैसे लाकडाचे होते, सुरांचे नव्हते. नवा बनवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांचं काम उत्तम आहे, पण तेवढे पैसे आत्ता माझ्याकडे नाहीत.

दादा म्हणाला, चांगला कीबोर्ड घेऊ, त्यात ऑर्गनचा आवाज असतो. मी दुकानात जाऊन तासभर वाजवून आले. आवाज असतो, हे खरं. पण पट्टी दाबली की सूर एकदम पुरा येतो आणि सोडेपर्यंत तसाच राहतो. तुम्ही गाणाऱ्याच्या तानेमागे श्वास घेतल्यासारखी हवा वाढवत नेता, समेला गुडघ्याचा खटका बाहेर ढकलून आवाज मोकळा करता, ते त्यात कुठून आणायचं? आवाज कमीजास्त करणारं पायाचं एक वेगळं पेडल मिळतं, पण ते नुसता आवाज वाढवतं. हवेचं वजन पायाला कळत नाही. तुम्हीच शिकवलंत की हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांना ऑर्गनची साथ करायचे ती दोन्ही हातांनी, कारण पेटीत एक हात भात्यात अडकतो आणि ऑर्गनमध्ये ते काम पायांवर सोपवलेलं असतं. पायच काढून घेतले तर रियाज कशाचा करायचा?

शेवटी वाट सापडली ती गोव्यात. तिथल्या चर्चमधून आणि चॅपेलांतून पायाचे ऑर्गन पिढ्यान् पिढ्या वाजले. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक आले आहेत आणि जुने मागच्या खोलीत पडून असतात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मामांनी म्हापशाजवळचा एक सांगितला, आणि गेल्या शनिवारी मी जाऊन आले. साधा आहे, कोरीव काम नाही, आरसा नाही. चार सप्तकं, 49 पट्ट्या. आपल्यापेक्षा एक सप्तक कमी, पण घरच्या रियाजाला भरपूर. वर नाव एस्टेचं आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये त्यांचा कारखाना होता. त्यांनी पाच लाखांहून जास्त ऑर्गन केले आणि 1960 साली काम थांबवलं. सुटे भाग आता मिळत नाहीत, पण एवढे केल्यामुळेच असे अजून सापडतात. सूर पितळी आहेत आणि पितळेला वय कमी लागतं.

तुम्ही सांगितलं होतंत तसंच तपासलं. एकही पट्टी न दाबता पाच-सहा वेळा पाय मारले आणि पाय उचलून मनात आकडे मोजले. आपल्याकडे तीन म्हणेपर्यंत हवा संपायची. इथे मी सतरापर्यंत पोचले. मग आवाज निवडायचे पुढचे सगळे खटके आत ढकलून एकेक ओढला आणि प्रत्येक पट्टी वाजवली. दोन पट्ट्या मुक्या आहेत आणि खर्जातली एक खरखरते, बहुधा सुरात धूळ अडकली असावी. बनातीला कसर लागली आहे, ती बदलावी लागेल. मेळ आजच्या पट्टीपेक्षा किंचित खाली आहे, पण तुमचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा हवा तेवढा खाली घेता येतो.

आणि बाबा, गुडघ्याबद्दल. तिथे बसून मी काळी एकचा षड्ज धरला आणि नुसती हळूहळू हवा दिली. पाय दुखायचं कारणच नव्हतं. आपला ऑर्गन गळत होता, म्हणून तुम्हाला सतत धावल्यासारखे पाय मारावे लागायचे, आणि तुम्ही मात्र स्वतःला म्हातारं समजून बसलात. डॉक्टरांना विचारलं. दिवसातून वीस मिनिटं सावकाश पाय हलवायला त्यांची हरकत नाही. पुढे त्रास झालाच तर बाहेरून हवा ओढणारी छोटी मोटर बसवता येते, पण ती घोंघावते. तोवर पायांनीच वाजवा.

खर्च सांगते, लपवत नाही. ऑर्गन 26 हजार, बनात आणि सफाई साधारण 7, टेम्पो साडेचार. दादानं निम्मे दिले. हे पैसे परत करायचा विषय काढू नका, मला खरंच वाईट वाटेल.

जुना मोडीत देऊ नका. त्याचे सूर एकेक काढून कागदात गुंडाळून, सप्तकाप्रमाणे नंबर घालून ठेवा. मापात बसले तर मुक्या पट्ट्यांना त्यातलेच दोन वापरू. आजोबांच्या ऑर्गनचे दोन सूर यात वाजावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

आई, तुझ्याकडे तीन कामं आहेत. ऑर्गन ओटीवर नको, माजघरात आतल्या भिंतीला ठेवू, म्हणून तांदळाची पिंपं कोपऱ्यात सरकवून घे. पायट्यांच्या मागच्या फटीला बारीक जाळी लावायला सुताराला सांग, नाहीतर उंदीर पहिल्याच पावसात भाता कुरतडतील. आणि डांबरगोळ्या आणून ठेव. पावसाळ्यात आत कापडापासून लांब एक छोटा पिवळा बल्ब लावू, त्यानं ओल धरत नाही. ते मी येऊन करीन.

टेम्पो पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत पोचेल. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. उतरवायला चार माणसं लागतील, नाटकमंडळातल्या मुलांना सांगून ठेवा. आई, नांदी कुठल्या पट्टीत म्हणणार ते बाबांना आधीच सांग.

तुमची,
सुमा