गागारिन यांच्या यानाचे लष्करी भावंड

संपादक महोदय,

युरी गागारिन यांच्या उड्डाणावरील आपल्या पुरवणीतील लेख मनापासून आवडला. मात्र ‘व्होस्तोक’ यान केवळ माणसाला अवकाशात नेण्यासाठीच घडवले गेले, असा जो समज त्यातून होतो, तो दूर व्हावा असे वाटते.

मे १९५९मध्ये सोव्हिएत सरकारने रॉकेट-अभियंता सर्गेई कोरोलेव्ह यांच्या संस्थेवर दोन कामे एकत्रच सोपवली होती : माणसाला नेणारे यान आणि छायाचित्रे घेणारा टेहळणी उपग्रह. या दुसऱ्या कामातून ‘झेनिट’ जन्मला. गागारिन बसले होते तशाच, सुमारे २.३ मीटर व्यासाच्या गोलात आसनाऐवजी कॅमेरे बसवण्यात आले. डिसेंबर १९६१मधला पहिला प्रयत्न फसला. २६ एप्रिल १९६२ रोजी बैकोनूर प्रक्षेपणकेंद्रावरून ‘कॉसमॉस-४’ या नावाने सुटलेला ‘झेनिट’ मात्र तीन दिवसांनी फिल्म घेऊन सुखरूप उतरला. कॉसमॉस मालिका वैज्ञानिक संशोधनासाठी आहे, एवढेच जगाला सांगितले गेले. अमेरिकेच्या ‘कोरोना’ उपग्रहातून फक्त फिल्मची कुपी परत येत असे. ‘झेनिट’मधून कॅमेरेही परतत आणि पुन्हा वापरता येत. १९९४पर्यंत अशी पाचशेहून अधिक उड्डाणे झाली, आणि फिल्म जमिनीवर आणण्याची ही पद्धत रशियाने ‘कोबाल्ट-एम’ उपग्रहांद्वारे २०१५पर्यंत चालू ठेवली.

या उपग्रहांना निव्वळ हेरगिरीची साधने म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. १९७२च्या शस्त्रमर्यादा करारांत दोन्ही महासत्तांनी एकमेकांच्या पडताळणीच्या तांत्रिक साधनांमध्ये, म्हणजे अशा उपग्रहांसारख्या साधनांमध्ये, अडथळा न आणण्याचे मान्य केले, कारण समोरच्याची क्षेपणास्त्रे वरून मोजता येत असल्याखेरीज अशा कागदावर कोणीही सही केली नसती. त्याहून ठळक उदाहरण १९७७चे आहे. कलहारीच्या वाळवंटात दक्षिण आफ्रिकेने अणुचाचणीसाठी चालवलेली तयारी सोव्हिएत उपग्रहांनी टिपली, मॉस्कोने ऑगस्टमध्ये ती माहिती वॉशिंग्टनला दिली, अमेरिकेने स्वतःच्या साधनांनी खातरजमा केली आणि आंतरराष्ट्रीय दबावापुढे ती चाचणी झालीच नाही. शीतयुद्धातल्या दोन वैऱ्यांनी एका गुप्त छायाचित्राच्या आधारे असे एकत्र यावे, ही माझ्या मते अवकाशयुगातील मोठ्या घटनांपैकी एक आहे, आणि मराठीत तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

गागारिन यांच्या धैर्याला यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. पुढील १२ एप्रिलच्या पुरवणीत त्यांच्या लेखाशेजारी ‘झेनिट’लाही सविस्तर जागा द्यावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
नाशिक